आतलं काम

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला हे लिहायला सांगितलं. त्यांच्याकडे याच आजाराचे नवे रुग्ण येतात, घाबरलेले असतात, त्यांना कुणाचा तरी अनुभव वाचायला द्यावा म्हणून. मराठीत चालेल का विचारलं, तर म्हणाल्या, "चालेल की. बेळगावकडचे पुष्कळ येतात. फक्त धीर येईल असं लिहा." धीराचं मला सांगता येत नाही. जे झालं ते लिहिते.

माझं नाव रोहिणी, वय सत्तेचाळीस. आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. मराठी बोलतो, पण भांडताना निम्मं कन्नड येतं. मल्लेश्वरमला आईवडिलांच्या घरात माझा थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि मी असे तिघं राहतो. माझं लग्न झालं नाही, त्यांना मूल झालं नाही. मी एका यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे. अण्णाचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे.

आणि आम्ही दोघं मिळून शर्यतीच्या गाड्यांची मॉडेल्स करतो. शाळेत असल्यापासून. खऱ्या गाडीत चोवीस मिलिमीटर असेल ते आमच्याकडे एक मिलिमीटर. बाहेरची बॉडी आणि रंग अण्णाचा, आतलं सगळं माझं. विकतच्या किटमध्ये आतल्या भागाच्या नावाखाली एक ओबडधोबड टोपलं असतं. ते मी पहिल्यांदा फेकून देते आणि सगळं कोऱ्या प्लॅस्टिक शीटमधून नव्याने करते. सीट, डॅशबोर्ड, बटणं, आग विझवायचा सिलिंडर, गाडी उलटली तर चालक चिरडू नये म्हणून असतो तो नळ्यांचा पिंजरा. सीटच्या पट्ट्यांचं बक्कल मोहरीएवढं असतं. तांब्याची तार ठोकून चपटी करायची, वाकवायची, त्यातून रेशमाची फीत ओवायची. एका गाडीच्या आतल्या कामाला मला वर्ष लागतं.

हे सगळं सांगितलं, कारण आजार माझ्या हातांना झाला.

तीन दिवस

तो शनिवार होता. आदल्या आठवड्यात दोन दिवस पोट बिघडलं होतं, ते मी विसरूनही गेले होते. जेवण झाल्यावर आम्ही पुढच्या खोलीत टेबलाशी बसलो. पाच आठवड्यांनी मॉडेल करणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. माझं शेवटचं काम चाललं होतं, बक्कलं आणि पट्ट्या; सीट चिकटवायची आणि काही नळ्या बसवायच्याही राहिल्या होत्या. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. चिमट्यातून बक्कल पडलं. उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं ते सापडलंच नाही.

अण्णा समोर बॉडी घासत बसला होता. "काय रोही, म्हातारी झालीस का?"

रविवारी चिमटाच धरता येईना. मागच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागली. वहिनी धारवाडला माहेरी गेली होती. मी अण्णाला म्हटलं, "मला काहीतरी होतंय. दवाखान्यात जाऊ या."

त्याने आधी कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उद्या जाऊ. डॉक्टर काय, आठ दिवस झोपून राहा म्हणणार. आज ती सीट तेवढी चिकटव."

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. रिक्षा बोलवून मी एकटी जाऊ शकले असते. पण सीट चिकटलेली मलाही हवी होती. दोन्ही हातांच्या तळव्यांत चिमटा दाबून धरून मी ती चिकटवली. दीड तास लागला.

सोमवारी सकाळी न्हाणीघरातल्या स्टुलावरून मला उठता आलं नाही. अण्णाने मला उचलून रिक्षात घातलं.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय?"

अण्णा म्हणाला, "काल संध्याकाळपासून."

तेव्हा माझी जीभ चालत होती. मी काही बोलले नाही.

डॉक्टरबाईंनी आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली. "दाबा."

"दाबतेय."

"जोरात दाबा."

"दाबतेय हो मी."

त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मला तिथेच कळलं. नाव नंतर कळलं, जीबीएस. शरीर स्वतःच्याच नसांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावरचं आवरण खाऊन टाकतं. मी विचारलं, "हात परत येतील ना?" त्या म्हणाल्या, "आधी श्वासाचं बघू."

मला वाटलं, यांना माझा प्रश्न समजला नाही. संध्याकाळपर्यंत मला थुंकी गिळता येईना.

पुठ्ठा

पुढचे सव्वीस दिवस मी आयसीयूमध्ये होते. श्वास यंत्र घेत होतं. आधी तोंडातून नळी, मग गळ्याला भोक पाडून. पापण्या थोड्या हलायच्या आणि डोळे. बाकी काहीच नाही.

हलत नाही म्हणजे दुखत नाही असं लोकांना वाटतं. सगळं दुखतं. पाठीखाली चादरीला एक चुणी पडली तर ती सुरीसारखी रुतून बसते, आणि ते तुम्ही कुणाला सांगू शकत नाही. दर दोन तासांनी कुशीवर वळवतात, तोवर ती चुणी तिथेच. फिरतीवर येणारे डॉक्टर पायाशी उभे राहून तुमच्याबद्दल बोलतात आणि निघून जातात. एकाने माझ्या पलंगावर फाइल ठेवली, ती माझ्या नडगीवर. एक पूर्ण फेरी होईपर्यंत ती तिथे होती.

मंजुळा सिस्टर आनेकलहून दोन बस बदलून यायची. ती आली की पहिल्यांदा माझ्या नाकाचा शेंडा खाजवायची. न सांगता. "इल्ली ना, अक्का?" इथेच ना? मी पापणी मिटायची. "सरी," म्हणायची आणि कामाला लागायची. त्या सव्वीस दिवसांत मला कशाची वाट बघावीशी वाटली असेल तर त्या नाक खाजवण्याची, आणि अण्णाच्या भेटीच्या वेळेची.

वहिनीने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहून आणली होती. ती एकेका अक्षरावर बोट फिरवायची, हवं ते आलं की मी पापणी मिटायची. पहिलं वाक्य तयार व्हायला वीस मिनिटं लागली. वहिनीने एकेक अक्षर कागदावर उतरवलं आणि मग सगळं एकत्र मोठ्याने वाचलं, "सीट वाळली का."

तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि बाहेर निघून गेली. त्या दिवशी ती परत आत आली नाही.

अण्णाने मात्र उत्तर दिलं. "वाळली. घट्ट बसलीय." तो मोबाइलवर खऱ्या गाडीचे फोटो घेऊन यायचा. "सिलिंडरची लाल नळी सीटच्या डावीकडून जाते की उजवीकडून?" डावीकडून असेल तर एकदा पापणी, उजवीकडून असेल तर दोनदा. "पिंजऱ्याची आडवी नळी डॅशबोर्डच्या वर की खाली?" वर. मी खूश व्हायची. छातीत यंत्राची हवा भरत होती आणि मला वाटत होतं, माझ्यावाचून काम अडलंय.

मग एका दिवशी त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझे डोळे मिटलेले होते, त्याला वाटलं मी झोपलेय. तो वहिनीला म्हणाला, "ही अशीच राहिली तर जन्मभर कोण बघणार?"

वहिनी म्हणाली, "मी आहे की."

"तू किती दिवस बघशील? पन्नाशी उलटली तुझी. गेली तर हिला स्वतःलाही सुटल्यासारखं होईल, मी सांगतो."

मी डोळे मिटूनच राहिले. डोळे उघडले असते तर ते ओले आहेत हे कळलं असतं, आणि पुसायला सांगावं लागलं असतं.

गायत्री

वॉर्डात आणल्यावर माझ्या शेजारच्या पलंगावर गायत्री नावाची एकतीस वर्षांची मुलगी होती. व्हाइटफील्डला कंपनीत नोकरी करायची. तोच आजार, माझ्यानंतर दोन आठवड्यांनी आलेली. सोळाव्या दिवशी ती वॉकर धरून चालायला लागली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आंटी, तुम्ही पण चालाल बघा." तिच्या आईने मला पेढा दिला. मला अजून गिळता येत नव्हतं. त्यांनी तो माझ्या उशाशी ठेवला.

मी मनात म्हटलं, ही बोळात पडू दे. रोज म्हणायची. ती पडली नाही. घरी गेली. जाताना मला मिठी मारली, आणि ती मागे सरली तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघत होते. ती बोटं फोनवर भराभर चालत होती.

हे वाचणाऱ्या कुणाला असंच वाटत असेल तर एवढंच सांगते, तुम्ही एकटे नाही. यापेक्षा चांगलं काही मला सांगता येणार नाही.

घरी जायच्या आदल्या दिवशी गळ्याचं भोक बुजत आलं होतं आणि मी घोगरं का होईना बोलत होते. खोलीत कुणी नव्हतं तेव्हा मी डॉक्टरबाईंना खरं काय ते सांगितलं. शनिवारपासून होत होतं. रविवारी आले असते तर?

त्या म्हणाल्या, "तर काही फरक पडला नसता. ज्यांना जोरात व्हायचं त्यांना जोरातच होतं. एका दिवसाने काही होत नाही. मनातून काढून टाका."

मी मनातून काढलं नाही. जपून ठेवलं.

तोंड उघड

घरी आले तेव्हा पाय थोडे हलत होते, दंडही. मनगटापासून खाली काही नाही. बोटं आत वळलेली, थंड. वहिनी मला आंघोळ घालायची, पुसायची, बेडपॅन द्यायची, भरवायची. तिने पापड-शेवयांच्या ऑर्डरी बंद केल्या होत्या. वीस वर्षांचं तिचं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणून मला तिचा आणखी राग यायचा.

एका दुपारी ती सारभात भरवत होती. लहान मुलाला बांधतात तसा माझ्या गळ्याला टॉवेल बांधला होता. "हं, आणखी एक घास. शहाणी ना तू," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मूल झालं नाही, ती हौस माझ्यावर भागवून घेताय का वहिनी?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. डाव्या हाताने, कारण उजव्यात चमचा होता. मोठा आवाज झाला. मला हात वर करून गाल धरता आला नाही.  मग तिने भात कालवला.

"तोंड उघड."

मी उघडलं. वाटीतला सगळा भात तिने भरवला. चार दिवसांनी मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "बोललीस ते बोललीस. आता सांडू नकोस."

पहिलं बक्षीस

घरी येऊन दहा दिवस झाले तरी कुणी गाडीचं नाव काढेना. मग एका रविवारी वहिनीने मला पहिल्यांदाच धरून पुढच्या खोलीत आणून बसवलं. शोकेसमध्ये आमची गाडी होती आणि तिच्याशेजारी एक चषक.

"प्रेक्षकांच्या मतांचं पहिलं बक्षीस," अण्णा म्हणाला. "तू आजारी होतीस म्हणून सांगितलं नाही."

रंग अप्रतिम होता. निळ्यावर पांढऱ्या रेषा, केसभरही इकडे-तिकडे नाही. काचा काळ्या होत्या.

"काचा काळ्या का?"

"धुरकट केल्या. छान दिसतात."

"शर्यतीच्या गाडीला काळ्या काचा असतात का कधी? वहिनी, तुमच्या फोनचा टॉर्च लावा. पुढच्या काचेशी धरा. अगदी चिकटून."

वहिनीने धरला. मी मान खाली घालून बघितलं. आत काळा कागद होता, आणि कागद सुटला होता त्या कोपऱ्यातून गाडीचा उघडा तळ दिसत होता. सीट नाही, पिंजरा नाही, डॅशबोर्ड नाही. अकरा महिन्यांतलं काहीच नाही.

"माझं काम कुठे आहे?"

"पट्ट्या नव्हत्या, नळ्या अर्धवट," अण्णा म्हणाला. "अर्धवट काम लावून नेऊ का? मी लावायला गेलो तर मला जमेना. काढलं."

"काढून कुठे ठेवलंस?"

"बघायला पाहिजे. साफसफाईत गेलं असेल."

"अण्णा."

"अगं, आत कोण बघतं रोही? अडीचशे माणसं बघून गेली. एकाने विचारलं नाही."

माझी मूठ वळत नव्हती. काही फेकून मारता येत नव्हतं. उठून आत निघून जाता येत नव्हतं, त्यासाठीसुद्धा कुणीतरी धरायला हवं होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती मी काढली.

मी वहिनीकडे बघून म्हटलं, "तुम्ही धारवाडला होतात ना, तेव्हा रविवारीच मी याला म्हटलं होतं, दवाखान्यात ने. हा म्हणाला, आधी सीट चिकटव. डॉक्टरांना याने खोटं सांगितलं, कालपासून म्हणून. एक दिवस आधी औषध मिळालं असतं तर माझे हात गेले नसते."

वहिनीने टॉर्च बंद केला. "खरं आहे का हो हे?"

अण्णा शोकेसची काच सरकवून बंद करत होता, ती मधेच अडकली, तशीच सोडून आत गेला.

सहा महिने

दुसऱ्या दिवसापासून त्याने माझे हात हातात घेतले. फिजिओथेरपिस्ट बाईंकडून त्याने सगळे व्यायाम शिकून घेतले. रोज सकाळी सात वाजता यायचा, कोमट पाण्याच्या तसराळ्यात माझे हात बुडवायचा, मग एकेक बोट उघडायचं, मिटायचं, वीस वीस वेळा. मग मळलेली कणीक दाबायची. रंगाने खरखरीत झालेल्या त्याच्या हातांत माझी बोटं असायची. तो वर बघायचा नाही. गॅरेजला उशिरा जायला लागला. टेबलावरचं सगळं सामान त्याने खोक्यांत भरून माळ्यावर टाकलं. नवी गाडी घेतली नाही. वहिनी त्याच्याशी कामापुरतं बोलायची, मग तेही कमी झालं. त्याचं जेवण झाकून ठेवायची आणि माझ्या खोलीत येऊन झोपायची. तो वाळला. गालफडं बसली.

हे सगळं मला दिसत होतं. एका वाक्याने मला ते थांबवता आलं असतं. रोज सकाळी सात वाजता ते वाक्य माझ्या तोंडात असायचं आणि रोज मी ते गिळायची. खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. आणि दुसरं खरं असं, की माझे हात सुधारत होते. तिसऱ्या महिन्यात अंगठा हलला. पाचव्या महिन्यात चमचा धरला. इतका नेमाने व्यायाम करवणारा माणूस प्रेमापोटी मिळाला असता का, मला माहीत नाही.

सहा महिन्यांनी तपासणी होती. अण्णा बरोबर आला. डॉक्टरबाईंनी पुन्हा आपली बोटं माझ्या मुठीत दिली आणि हसल्या. म्हणाल्या, "चांगलं आहे. रोजची कामं होतील. बारीक कामाचं मात्र सांगत नाही. टोकांपर्यंत सगळं परत येईलच असं नाही."

बारीक काम. मी मान हलवली.

आम्ही उठणार तेवढ्यात अण्णा पुन्हा खुर्चीत बसला. "डॉक्टर, एक विचारायचं होतं. हिला मी एक दिवस उशिरा आणलं. तुम्हाला खोटं बोललो. एक दिवस आधी आणलं असतं तर..."  पंचावन्न वर्षांचा माणूस, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "काही फरक पडला नसता. मी तुमच्या बहिणीला सांगितलं होतं की. घरी जायच्या आधीच सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

अण्णाने माझ्याकडे बघितलं.

रिक्षात आम्ही शेजारी बसलो. सिग्नलला रिक्षा बराच वेळ अडकली. तो बाहेर बघत होता.

"सहा महिने, रोही," तो म्हणाला.

मी म्हटलं, "माझं काम कुठे टाकलंस?"

"कचऱ्याच्या गाडीत. मी स्वतः टाकलं. तू परत येशील असं वाटलं नव्हतं."

"साफसफाईत नाही गेलं."

"नाही."

 घराशी रिक्षा थांबली. मला अजून दांडा धरून उतरता येत नाही, म्हणून त्याने हात पुढे केला. मी तो धरून उतरले. पायरीवर उभी राहिल्यावर त्याने हात काढून घेतला. आत जाऊन मीच वहिनीला डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. त्या दिवशी तिने अण्णाला गरम वाढलं आणि उशी-चादर उचलून माझ्या खोलीतून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पलंगावर बसून होते. साडेसातला गॅरेजची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. मी उठले, दोन्ही मनगटांमध्ये तांब्या धरून तसराळ्यात पाणी ओतलं. थोडं सांडलं. हात बुडवले आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं पहिलं बोट उघडलं. वीस वेळा करायचं असतं. मोठ्याने मोजायचं असतं, नाहीतर चुकतं.